गाडीचा पिवळा दिवा आणि डिझेलचे बिल
ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



बेणे, खते, पाणी हे नेहमीचे विषय सोडून यावेळी आम्ही ट्रकवर लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. शेतकी खात्याच्या माणसाने इंजिनात डोके कशाला घालावे, असेही कोणी म्हणेल. पण फडातला ऊस गव्हाणीत पडेपर्यंतची काळजी आमच्याच खात्याकडे असते. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे हे आम्ही दर मेळाव्यात सांगतो. तो ऊस भरलेली गाडी जर वाटेत बंद पडून दीड दिवस उभी राहिली, तर वजनही घटते आणि साखरही. शिवाय तोडणी-वाहतुकीचा खर्च अखेर सभासदाच्या ऊसबिलातूनच वजा होतो. तेव्हा गाडी तुमची असो वा नसो, तिने जाळलेल्या डिझेलशी तुमचा संबंध आहेच.

ज्या सभासदांच्या स्वतःच्या गाड्या वाहतुकीला लागलेल्या असतात, त्यांच्याकडून गट ऑफिसात मुख्यतः दोन गाऱ्हाणी ऐकू येतात. एक, "साहेब, समोरचा पिवळा दिवा काही केल्या जात नाही." दुसरे, "नवी गाडी घेतली, पण जुनीपेक्षा ॲव्हरेज कमी पडतं." ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत असे समजून एकासाठी वायरमन आणि दुसऱ्यासाठी पंपवाला गाठला जातो. आमच्या मते बहुतेक वेळा दुखणे एकच असते आणि ही त्याची दोन लक्षणे असतात.

उसाचे पान पिवळे पडले, केवडा आला, की आपण हिराकस फवारून मोकळे होतो. चार दिवस हिरवेपणा येतो, पुन्हा पान पिवळे. कारण जमीन चुनखडीची असते, किंवा पाणी साचून मुळी गुदमरलेली असते. गाडीच्या दिव्याचेही तसेच आहे. दिवा विझवून देणारे पुष्कळ भेटतात. दिवा का लागला हे पाहणारे थोडे.

हे दिवे आले कोठून

जुन्या गाडीत तेलाचा, चार्जिंगचा आणि हवेचा असे दोन-तीन दिवे असत आणि पंप पूर्णपणे यांत्रिक होता. मिस्त्री कानाने गाडी ओळखत असे. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम लागू झाले. त्यामुळे जड ट्रकांमध्ये कॉम्प्युटर, ठिकठिकाणी सेन्सर, धुरातील काजळी अडवणारी जाळी (हिला डीपीएफ म्हणतात) आणि धुरातील विषारी वायू मारण्यासाठी डीईएफची वेगळी टाकी, असा सरंजाम आला. २०२३ च्या एप्रिलपासून बीएस-६ चा दुसरा टप्पा सुरू झाला, त्यात गाडीने स्वतःच स्वतःची तपासणी करीत राहण्याची अट आणखी कडक झाली. म्हणजे पूर्वी जो बिघाड महिनाभर कोणाला कळत नसे, तो आता गाडी दुसऱ्या दिवशी बोलून दाखवते. दिवे वाढले म्हणून नव्या गाड्या जास्त बिघडतात असे समजण्याचे कारण नाही.

ज्यांच्याकडे अजून जुन्या गाड्या आहेत त्यांनी धुराचा रंग हाच दिवा समजावा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळसर धूर म्हणजे इंजिनात ऑईल जळते आहे. सकाळी थंड इंजिनाने थोडा पांढरा धूर टाकला तर घाबरू नये, पण गाडी तापल्यावरही तो येत राहिला, तर डिझेल पुरते जळत नाही किंवा सिलिंडरात पाणी उतरते आहे.

लाल आणि पिवळा यांतला फरक

चावी फिरवली की सर्व दिवे काही क्षण लागतात आणि इंजिन चालू झाल्यावर विझतात. ही दिव्यांची हजेरी असते. ड्रायव्हरने ती रोज घ्यावी. जुनी गाडी विकत घेणाऱ्या सभासदांनी तर हे अवश्य पाहावे. चावी फिरवल्यावर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतच नसेल, तर विकणाऱ्याने तो मुद्दाम बंद केलेला असण्याचा संभव आहे. अशा गाडीचा सौदा तपासणी केल्याशिवाय करू नये.

लाल दिवा म्हणजे थांबा. यात दुसरा विचार नाही. तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला आणि कारखान्याची चिमणी समोर दिसत असली तरी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. "एवढी खेप टाकून मग बघू" यात क्रँक आणि बेअरिंग जाते, आणि तो खर्च पुष्कळ खेपांनीही भरून निघत नाही. हवेच्या दाबाचा दिवा आणि बझर चालू असताना गाडी जागची हलवू नये, कारण हवा नाही म्हणजे ब्रेक नाही. इंजिन तापल्याचा दिवा लागला तर रेडिएटरची टोपी लगेच उघडू नये, आणि तापल्या इंजिनात गार पाणी तर ओतूच नये. ऊस वाहणाऱ्या गाडीत तापण्याचे एक कारण इतर ट्रकांत सहसा नसते. पाचटाचा चुरा आणि धूळ रेडिएटरच्या आणि त्याच्या पुढच्या इंटरकूलरच्या बारीक पत्र्यांत जाऊन बसते. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, पण दोहोंच्या मधल्या फटीत गादी झालेली असते. इंजिन तापते, पंखा सतत जोरात फिरतो आणि त्या पंख्याला लागणारी ताकद डिझेलमधूनच येते. आठवड्यातून एकदा ही जागा मागच्या बाजूने हवा मारून साफ करावी. पाण्याचा जोराचा फवारा जवळून मारला तर पत्रे दुमडतात.

पिवळा दिवा म्हणजे खेप पुरी करा, पण दुर्लक्ष करू नका. पिवळा दिवा लुकलुकू लागला, किंवा त्याबरोबर गाडीची ओढ कमी झाली, तर दुखणे वाढले असे समजावे. डीईएफ संपली, निकृष्ट निघाली किंवा त्या यंत्रणेशी कोणी छेडछाड केली, तर आधी इशारा देऊन नंतर गाडी आपली ताकद मुद्दाम कमी करते. ही नियमानेच घातलेली अट आहे. भरली गाडी चढाला पहिल्या गियरात रांगू लागते तेव्हा ड्रायव्हर क्लच आणि पंपाला दोष देतो. दोष बऱ्याचदा रिकाम्या डीईएफ टाकीचा असतो.

नंबरात उभी राहिलेली गाडी

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ऊस वाहतुकीची गाडी लांब पल्ल्याच्या गाडीसारखी चालत नाही. फडातून बाहेर निघताना पहिल्या-दुसऱ्या गियरात, मग पंचवीस-तीस किलोमीटरचा रस्ता, पुढे काट्यावर आणि यार्डात तासन्‌तास उभी. गव्हाण मध्येच बंद पडली की हे तास आणखी वाढतात. या उभ्या वेळात पुष्कळ ड्रायव्हर इंजिन चालूच ठेवतात. कोणी बॅटरीचा भरवसा नाही म्हणून, कोणी सेल्फ मारायला लागू नये म्हणून, कोणी हवा उतरते म्हणून, तर कोणी नुसते सवयीने.

जड गाडीचे इंजिन उभ्या-उभ्या तासाला, इंजिनाच्या आकाराप्रमाणे, एक ते तीन लिटर डिझेल पिते. समजा आपली गाडी दीड लिटर पिते. येऊन-जाऊन साठ किलोमीटरची खेप आहे आणि गाडी रस्त्यावर लिटरला चार किलोमीटर देते. रस्त्याला पंधरा लिटर लागले. यार्डात सहा तास इंजिन चालू राहिले, त्याचे नऊ लिटर. एकूण चोवीस लिटरांत साठ किलोमीटर, म्हणजे हिशेबाला ॲव्हरेज आले अडीच! इंजिनात काडीचा बिघाड नाही, आणि मालक मात्र नोझल बदलायला निघाला. हंगामात अशा शंभर खेपा झाल्या, तर नऊशे लिटर डिझेल एक इंचही न हलता जळून गेले. लिटरला नव्वद रुपये धरले तरी ८१,००० रुपये होतात. तेवढ्या पैशात बॅटऱ्या नव्या येतील, सेल्फ दुरुस्त होईल आणि हवेची गळती निघून पैसे उरतील.

बीएस-६ गाडीत नुकसान एवढ्यावर थांबत नाही. काजळीची जी जाळी आहे तिच्यात धुरातला कोळसा साठतो, आणि धूर पुरेसा गरम असेल तर तो आपोआप जळून जातो. भरली गाडी मोकळ्या रस्त्याला ताण घेऊन चालते तेव्हा हे काम बिनबोभाट होते. इंजिन नुसते फुरफुरत उभे असेल तर धूर गरमच होत नाही आणि काजळी साठत राहते. मग कॉम्प्युटर स्वतः जादा डिझेल सोडून जाळीतले तापमान साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेतो आणि काजळी जाळतो. याला रिजनरेशन म्हणतात. गाडी जितकी उभी राहील तितके हे वारंवार करावे लागते, आणि प्रत्येक वेळी डिझेल जाते ते वेगळेच. ते अर्ध्यावर असताना गाडी बंद केली, पुन्हा थोडी चालवून पुन्हा बंद केली, की जाळी तुंबते आणि पिवळा दिवा लागतो. दिवा आणि कमी ॲव्हरेज एकाच घरचे कसे, ते येथे दिसते. काही इंजिनांत हे जादा डिझेल सिलिंडरातून सोडले जाते, त्यातले थोडे ऑईलमध्ये उतरते. तेव्हा ऑईलची पट्टी पाहताना पातळी कमी झाली का एवढेच न बघता ती वाढली तर नाही ना, हेही बघावे. वाढलेले ऑईल पातळ झालेले असते. गाडी टाकोटाक दाखवावी.

उपाय फार अवघड नाही. नंबर हलायला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागणार असेल तर इंजिन बंद करावे. पुढची गाडी एक कदम सरकली की लगेच आपण सरकण्याऐवजी चार-पाच गाड्यांची जागा होऊ द्यावी आणि मग एकदम पुढे घ्यावी. फक्त टर्बो असलेली गाडी जोरात चालून आल्यावर लगेच बंद न करता दोनेक मिनिटे शांत चालू द्यावी. रिजनरेशन चालू असल्याचा दिवा दिसत असेल तर मात्र ते पुरे होईपर्यंत इंजिन बंद करू नये, त्यासाठी रस्त्यावरच थोडे जास्त चालवून आणावे.

येथे एक धोक्याची सूचना आम्ही ठळकपणे देत आहोत. बटण दाबून उभ्या गाडीत रिजनरेशन करावयाचे असेल तर ते फडात, पाचटावर, भुश्शाच्या ढिगाजवळ किंवा यार्डात भरल्या उसाच्या गाड्यांमध्ये कदापि करू नये. त्यावेळी सायलेन्सर आणि बाहेर पडणारी हवा इतकी तप्त असते की वाळले पाचट पेट घेते. एका गाडीची जाळी साफ करताना शेजाऱ्याचा तोडलेला आणि उभा ऊस, आणि तोडकऱ्यांच्या कोप्या, हे सगळे जायला वेळ लागत नाही. मोकळी, दगडी किंवा डांबरी जागा पाहावी, मागे कोणी उभे राहू नये आणि ते अर्धा-पाऊण तास चालेल हे धरून ड्रायव्हरने गाडीपाशीच थांबावे.

गाडीचा युरिया आणि शेताचा युरिया

हा विषय आमच्या हक्काचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. डीईएफला ड्रायव्हर लोक सरसकट 'युरिया' म्हणतात. त्या एका नावाने फार घोटाळा केला आहे. आपल्या घरात युरियाच्या गोण्या असतात. विहिरीला पाणी असते. मग बादलीत घोळून टाकीत ओतले तर काय बिघडले, असे मनात येते. काही ठिकाणी कोणी स्वस्तात असा घरगुती माल विकतोही.

बिघडते ते असे. डीईएफमध्ये ३२.५ टक्के युरिया असतो आणि बाकी क्षार पूर्ण काढलेले पाणी. त्यातला युरिया कारखान्यात वापरायच्या शुद्ध प्रतीचा असतो. शेताच्या युरियात ४६ टक्के नत्र आहे हे खरे, पण त्यात बाययुरेट असते. खताच्या युरियात ते दीड टक्क्यापर्यंत चालते, डीईएफच्या द्रावणात मात्र ते ०.३ टक्क्याच्या वर चालत नाही. पानांवर युरिया फवारताना बाययुरेट जास्त असले तर पान करपते, हे आपल्याला ठाऊक आहेच. शिवाय २०१५ पासून शेताचा युरिया निंबोळी तेल लावूनच येतो. जमिनीत तो सावकाश विरघळावा म्हणून ते तेल उत्तम, पण गाडीच्या बारीक नोझलला ते विष आहे. आणि विहिरीचे पाणी? ज्या पाण्याने पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरतो आणि ठिबकच्या तोट्या बुजतात, तेच पाणी सायलेन्सरच्या तापात वाळून काय करील ते सांगायला नको. क्षार आणि धातूचे अंश धूर शुद्ध करणाऱ्या भागावर बसले की तो भाग कायमचा निकामी होतो. तो भाग आणि त्यापुढचा सेन्सर फार महाग असतात. डीईएफवर वर्षभर वाचवलेले पैसे त्याच्या जवळपासही जात नाहीत.

आणखी एक. शेताच्या युरियावर सरकार अनुदान देते ते पिकासाठी. तो गाडीत किंवा कारखानदारीत वळवणे हा गुन्हा आहे. ऐन भरणीच्या वेळी सोसायटीत युरिया मिळत नाही म्हणून आपणच ओरडतो, तेव्हा तो कोठे मुरतो याचाही विचार व्हावा.

डीईएफ घेताना सीलबंद डबा, त्यावर आयएसओ २२२४१ हा क्रमांक आणि तयार केल्याची तारीख पाहावी. हा माल उन्हात टिकत नाही. तीस अंशांच्या आत ठेवला तर साधारण वर्षभर, पस्तीस अंशांपर्यंत सहा महिने. आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत काय उष्मा असतो ते आपण जाणतोच. म्हणून स्वस्त पडतो म्हणून हंगाम संपताना मोठा साठा करू नये. ओतताना फवारणीची कॅन, डिझेलचे नरसाळे, कीटकनाशकाची बाटली यांतले काही वापरू नये. त्यासाठी वेगळे नरसाळे ठेवावे आणि दुसऱ्या कशाला लावू नये. चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत, किंवा डिझेल डीईएफच्या टाकीत पडले, तर चावीसुद्धा फिरवू नये. टाकी उतरवून साफ करून घ्यावी. चावी फिरली नाही तोवर नुकसान टाकीपुरते असते.

शंभर लिटर डिझेलला साधारण तीन ते सहा लिटर डीईएफ लागते. वहीत हाही खर्च मांडावा. डीईएफ एकाएकी कमी लागू लागली तर खूष होऊ नये. नोझल तुंबले असेल, किंवा कोणी यंत्रणेला बगल देणारी पेटी बसवून दिली असेल. अशा पेट्या बसवून देणारे गॅरेज रस्त्यावर सापडतात. गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करणे मोटार वाहन कायद्याने मना आहे, आणि एकदा तारा तोडल्या की पुढचा खरा बिघाड शोधणे जाणत्या मिस्त्रीलाही कठीण होते.

ॲव्हरेज आधी मोजा, मग बोला

ॲव्हरेज कमी झाले असे सांगणाऱ्याला आम्ही वही विचारतो. वही नसते. टाकी काठोकाठ भरावी, किलोमीटर लिहावे, पुन्हा त्याच पंपावर तशीच काठोकाठ भरेपर्यंत किती लिटर लागले ते लिहावे. एका खेपेवर निर्णय करू नये, आठ-दहा खेपांचा हिशेब धरावा आणि नंबरात इंजिन किती तास चालू होते तेही शेजारी टाकावे. शेजाऱ्याच्या गाडीशी तुलना निरर्थक असते. त्याचा रस्ता, चढ, टायर, वजन सगळे वेगळे. आपली गाडी आपल्याच मागच्या महिन्याशी ताडून पाहावी.

त्याआधी किलोमीटरचा काटा खरा आहे का ते पाहावे. रस्त्याच्या दगडांवरून दहा किलोमीटर मोजून काटा ताडता येतो. पंपावर शंका असेल तर पाच लिटरचे प्रमाणित माप तेथे ठेवलेले असते, ते मागून घेण्याचा गिऱ्हाईकाला हक्क आहे. टाकीचे कुलूप, रात्रीची जागा, या गोष्टी आम्ही लिहिण्याची गरज नाही.

हे सर्व ठीक असूनही डिझेल जास्त लागत असेल तर स्वस्तातल्या गोष्टींपासून सुरुवात करावी. सर्वांत आधी हवेचा फिल्टर. तोडणीच्या दिवसांत कच्च्या रस्त्याची धूळ आणि जळक्या पाचटाची राख यांनी तो फार लवकर भरतो. आपल्याकडे तो टायरवर आपटून झाडण्याची रीत आहे. ती मोडावी. आपटण्याने कागद फाटतो, आणि फाटक्या कागदातून गेलेली माती लायनर आणि रिंग खाते. आतून बाहेर, हलक्या दाबाची हवा मारावी. आत दुसरा लहान फिल्टर असतो, तो साफ करावयाचा नसतो, बदलावयाचा असतो. त्यानंतर टर्बोपासून इंजिनापर्यंतचे हवेचे होज आणि त्यांचे क्लिप पाहावेत. एखादा होज चिरला असेल तर चढाला शिट्टीसारखा आवाज येतो, गाडी ओढत नाही, काळा धूर टाकते आणि दिवाही लागतो. हा दोन-तीनशे रुपयांचा बिघाड कित्येकदा टर्बो बदलण्यापर्यंत जातो.

रिकामी गाडी सपाटीवर सोडून पाहावी, ती सहज घरंगळत नसेल किंवा पाच-सहा किलोमीटर चालल्यावर एखादा ड्रम इतरांपेक्षा जास्त गरम लागत असेल तर ब्रेक धरतो आहे. हात ड्रमला लावू नये, जवळ नेला तरी आच कळते. टायरची हवा गार असताना, मापाने पाहावी. जोडटायरांत आतल्या टायरची हवा कोणीच बघत नाही.

डिझेलमधल्या पाण्याचा दिवा लागला तर फिल्टरखालचा नळ उघडून पाणी काढावे. बॅरलमधून किंवा कॅनमधून डिझेल भरणाऱ्यांनी हे दिवा लागण्याची वाट न पाहता रोज सकाळी करावे. नव्या इंजिनात नोझलवर दीड-दोन हजार बारपर्यंत दाब असतो, तेथे पाण्याचा थेंब वाळूसारखे काम करतो.

थर्मोस्टॅटविषयी मिस्त्री मंडळींशी आमचा वाद आहे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत फार जुनी आहे. तो काढला की इंजिन कायम गारठलेले राहते, डिझेल नीट जळत नाही, आणि नव्या गाडीत तर पाणी पुरते तापल्याशिवाय काजळी जाळण्याचे काम सुरूच होत नाही. गाडी तापण्याचे कारण रेडिएटरमध्ये शोधावे. थर्मोस्टॅट जागेवर असू द्यावा.

ड्रायव्हरच्या सवयींपैकी एकच सांगतो. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडली की डिझेल वाचते, हा समज अजून आहे. नव्या इंजिनात गाडी गियरात ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल पूर्ण बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते ते लागतेच, आणि इंजिनाचा आवर सुटल्याने सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणजे भरल्या उसाची गाडी घाटात धोक्यातही घालायची आणि डिझेलही जाळायचे!

मिस्त्रीकडे जाताना

पिवळा दिवा लागला की कॉम्प्युटर बिघाडाचा एक आकडा नोंदवून ठेवतो. मशीन लावून तो वाचता येतो, काही गाड्यांत समोरच दिसतो. तो आकडा वहीत लिहून घ्यावा आणि मगच पुसू द्यावा. बॅटरीची तार काढून दिवा घालवणाऱ्याने पुरावाच नष्ट केलेला असतो. आकडा हा भागाचे नाव सांगत नाही, लक्षण सांगतो, हेही समजून घ्यावे. उदाहरणार्थ, पुष्कळ गाड्यांत 'पी ०२९९' म्हणजे टर्बोचा दाब कमी. टर्बो खराब असाच त्याचा अर्थ नाही. होज चिरलेला असेल, फिल्टर तुंबला असेल. धुराच्या सेन्सरचा आकडा आला तर सेन्सर मागवण्यापूर्वी त्याची वायर पाहावी. उसाच्या आणि पाचटाच्या जवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, आणि गरम सायलेन्सरवर पाण्याचा फवारा मारल्याने सेन्सर तडकतात. बदललेला जुना भाग मागून घ्यावा. इंजिन ऑईल कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच, कमी राखेचे असावे. ऑईलची राख काजळीच्या जाळीत बसली की ती कितीही तापवली तरी जळत नाही. जाळी काढूनच साफ करावी लागते.

हंगाम संपल्यावर पुष्कळ गाड्या चार-सहा महिने उभ्या राहतात. गाडी बंद केल्यावर डीईएफचा पंप नळीतला द्रव टाकीत परत ओढून घेतो, त्याला थोडा वेळ लागतो. म्हणून चावी बंद करून निदान पाच मिनिटे गेल्यावरच बॅटरीची तार काढावी, नाहीतर नळीत खडे धरतात. डिझेलच्या फिल्टरमधले पाणी काढून टाकावे, डिझेलची टाकी शक्य तितकी भरून ठेवावी म्हणजे आत दमट हवा राहत नाही. डीईएफ मात्र उन्हाळाभर टाकीत पडून राहिली असेल, तर पहिल्या खेपेपूर्वी काढून ताजी भरावी. गाडी पाचटाच्या ढिगापासून लांब, सावलीत लावावी. ज्यांना आपल्या गाडीच्या खेपांची आणि काट्यावरच्या वेळांची नोंद ताडून पाहावयाची असेल, त्यांनी आपली वही घेऊन गट ऑफिसात यावे. कोणती खेप किती तास नंबरात होती ते स्लिपांवरून काढता येते.